गंजाखालचा इतिहास

छंद माणसाला विरंगुळा देतो, हे आपण नेहमी ऐकतो. कोणी पोस्टाची तिकिटे जमवतो, तर कोणी बाग फुलवतो. काही माणसे मात्र सुट्टीचा दिवस एखाद्या गंजलेल्या जीपखाली, हातात पाना घेऊन घालवतात. सैन्याच्या सेवेतून बाद झालेली जुनी वाहने पुन्हा मूळ रूपात आणणे, हा त्यांचा छंद. हा पैशाचा आणि वेळेचा अपव्यय आहे, असे अनेकांना वाटते. मला तसे वाटत नाही.

पहिला लाभ इतिहासाचा. दुसऱ्या महायुद्धात, १९४१ ते १९४५ या काळात, अमेरिकेतील विलीज आणि फोर्ड या कंपन्यांनी एकाच आराखड्याच्या ६ लाखांहून अधिक जीपगाड्या तयार केल्या. फोर्डने आपल्या गाडीच्या अनेक सुट्या भागांवर, अगदी बोल्टच्या डोक्यावरही, ‘एफ’ हे अक्षर उठवले होते. गंज खरवडताना ते अक्षर दिसले, की गाडीची ओळख पटते. या जीपचे पुढचे दिवे उलटे फिरवून इंजिनावर प्रकाश पाडता येत असे. अंधारात दुरुस्ती करणाऱ्या सैनिकाची अडचण त्या साध्या बिजागरीतून आपल्याला कळते.

आपल्या देशाचा इतिहासही अशा वाहनांत दडलेला आहे. स्वातंत्र्यानंतर मुंबईत महिंद्रा कंपनीने विलीज जीपची जुळणी केली. जबलपूरच्या वाहन कारखान्यात १९६९ ते १९९९ या काळात ‘जोंगा’ तयार झाली आणि तिने भारतीय सैन्याची दीर्घकाळ सेवा केली. अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर, येथील रणगाडा संग्रहालयात अनेक देशांचे रणगाडे पाहता येतात. ते जागेवर उभे असतात. छंदिष्टाने दुरुस्त केलेली जीप मात्र चालताना पाहता येते.

दुसरा लाभ मला अधिक मोलाचा वाटतो. या गाड्यांचे सुटे भाग दुकानात सहज मिळत नाहीत. मग भंगारबाजार पालथा घालावा लागतो, एखादा भाग लेथवर नव्याने घडवून घ्यावा लागतो. अशा वेळी उपयोगी पडतो तो वृद्ध मिस्त्री. इंजिनाचा आवाज ऐकून तो दोष सांगतो. त्याच्यापाशी कदाचित कोणतेही प्रमाणपत्र नसेल. पण त्याचे ज्ञान कोणत्याही पुस्तकात सापडणार नाही. त्याला कोणी विचारले नाही, तर ते ज्ञान त्याच्याबरोबरच संपेल. हा छंद त्याला काम देतो, मान देतो आणि शिकणाऱ्या तरुणाला गुरू देतो.

या छंदावर दोन आक्षेप घेतले जातात. पहिला, तो खर्चिक आहे. हे खरे आहे. पण गाडी स्वतःच्या मालकीची असलीच पाहिजे असे नाही. चार मित्र मिळून एक जीप उभी करू शकतात. दुसरा आक्षेप, यातून युद्धाचे गोडवे गायले जातात. केवळ मिरवण्यासाठी गाडी रंगवली, तर हा आक्षेप योग्यच ठरेल. परंतु याच जीपवरून जखमी सैनिकांचे स्ट्रेचरही वाहून नेले गेले. गाडीबरोबर ही हकिकतही सांगितली गेली, तर युद्धाची किंमत समजते.

केंद्र शासनाने २०२१ मध्ये ५० वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपात जपलेल्या खाजगी वाहनांसाठी स्वतंत्र नोंदणीचे नियम केले. अशी वाहने नित्य किंवा व्यापारी वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाहीत. हे बंधन रास्त आहे, कारण जुने इंजिन धूर अधिक सोडते. वस्तू जपणे म्हणजे तिचे दोष विसरणे नव्हे.

टाकाऊ ठरवलेल्या वस्तूत आणि दुर्लक्षित माणसाच्या हातात किती मोल असते, हे हा छंद शिकवतो. महिनोन्‌महिने खपल्यावर जुने इंजिन एकदाचे धडधडू लागते, तेव्हा होणारा आनंद गाडीच्या मालकाइतकाच त्या मिस्त्रीचाही असतो.