घुसळणीचा हिशेब

“टाकीत काय ढवळतात ते आम्हा कॉमर्सवाल्यांना कशाला हवे?” असे आमच्या वर्गात कोणीतरी विचारतेच. हवे, असे माझे स्पष्ट मत आहे. रंग, औषधे, साबण यांच्या कारखान्यात मिश्रण बिघडले, की ते शेवटी ताळेबंदातच उतरते. १९८९ साली एकट्या अमेरिकेतील रासायनिक उद्योगाचे सदोष मिश्रणामुळे होणारे नुकसान १ ते १० अब्ज डॉलर असावे, असा अंदाज करण्यात आला होता. अंदाजाची दोन टोके इतकी लांब! हा तोटा कोणत्याच खात्यावर नीट पडत नसणार.

आता प्रयोगाची छोटी टाकी घ्या. तिची सगळी मापे दुप्पट करा, पंखाही दुप्पट. माल आठपट मावेल. वीजही आठपट लागेल, असे आपण सवयीने धरतो. पण क्षुब्ध प्रवाहात ढवळण्याची शक्ती फेऱ्यांच्या घनाच्या आणि पंख्याच्या व्यासाच्या पाचव्या घाताच्या प्रमाणात वाढते. फेऱ्या त्याच ठेवल्या तर शक्ती ३२ पट, म्हणजे लिटरमागे चौपट. फेऱ्या निम्म्या केल्या तर लिटरमागे निम्मी. पण मग तळाच्या कोपऱ्यातला माल हलेल का? हे सूत्र ते सांगत नाही.

तेथे संगणक कामास येतो. द्रवाचे लाखो कप्पे कल्पून प्रत्येकात किती आले, किती गेले, कोणत्या वेगाने, हे तो नाव्हिए-स्टोक्स समीकरणांवरून काढतो. जमाखर्चच म्हणा ना! ताक करताना रवीची (कानडीत कडगोलूची) दोरी आलटूनपालटून ओढतात, म्हणून दही नुसते गरगरत नाही. टाकीत ते काम भिंतीला लावलेल्या उभ्या पट्ट्या करतात. त्या किती रुंद असाव्यात, हे पत्रा कापण्याआधीच पाहता येते.

मात्र पडद्यावरचे रंगीत चित्र म्हणजे पुरावा नव्हे. बारीक भोवरे कप्प्यांत मावत नाहीत. त्यांच्यासाठी १९७० च्या दशकात रूढ झालेल्या के-एप्सिलॉनसारख्या अंदाजी सूत्रांवर भिस्त ठेवावी लागते. उद्या आपल्यापैकी जे बँकेत कर्जाचे अर्ज तपासतील, त्यांनी जरूर विचारावे : कप्पे दुप्पट केल्यावर उत्तर बदलले का? छोट्या टाकीत प्रत्यक्ष मोजलेल्या वेळेशी ते जुळले का?

ओपनफोम ही प्रणाली २००४ पासून फुकट मिळते. मुंबईच्या आयआयटीतील फॉसी प्रकल्प तिचा प्रसारही करतो. त्यामुळे ‘परवडत नाही’ ही लहान कारखानदाराची सबब आता अर्धीच उरली आहे. उरलेली अर्धी खरी आहे : ती चालवणारा शिकलेला माणूस लागतो, आणि त्याचा पगार प्रकल्पखर्चात धरावाच लागतो.