हाताला पेलेल तीच लेन्स

पक्ष्यांचे फोटो काढण्याचा छंद जडला की घरात पहिला वाद होतो तो लेन्सच्या किमतीवरून. कॅमेरा एकदाचा येतो; मग चारशेची घ्यावी की सहाशेची, हा घोळ महिनोन्‌महिने चालतो. जो तो सल्ला देतो, ‘घ्यायचीच तर मोठी घ्या!’ आमचे मत जरा वेगळे आहे.

हिवाळ्यातल्या एखाद्या सकाळी नांदेडजवळच्या विष्णुपुरी जलाशयाच्या काठी उभे राहून पाहावे. बगळा उठतो, खंड्या तारेवरून पाण्यात सूर मारतो. तिपाई मांडेपर्यंत सारे संपलेले असते. इथे लेन्स हातातच धरावी लागते आणि तिथेच आकड्यांची गंमत उघडी पडते. 150 ते 600 मिलिमीटरच्या झूम लेन्स साधारण दोन किलोच्या भरतात. कॅमेऱ्याचे वजन वेगळेच. दुकानात दोन मिनिटे धरायला काही वाटत नाही. काठावर अर्धा तास गेला की दंड भरून येतात आणि नेमका पक्षी उडतो तेव्हा लेन्स खाली असते. कॅननची 1993 मध्ये आलेली 400 मिलिमीटर, एफ 5.6 ही लेन्स सव्वा किलोची. हाताचा कंप शोषणारी सोय तिच्यात नाही, तरी उडत्या पक्ष्यांसाठी ती अनेकांची लाडकी ठरली, ती हलकेपणामुळेच. 2021 मध्ये आलेली त्यांचीच 100 ते 400ची एक झूम तर 635 ग्रॅमची आहे. तिच्यातून उजेड कमी येतो, म्हणून झुंजूमुंजूला ती अडते, एवढेच.

जुना ठोकताळा असा, की लेन्स 400ची असेल तर शटर सेकंदाच्या 1/400 पेक्षा हळू नको. लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यावर 1/600 धरावे. कंप रोखणारी सोय हा हिशेब सैल करते. पण ती हाताची थरथर सावरते, पक्ष्याचे पंख थांबवत नाही. त्यासाठी शटरचा वेगच वाढवावा लागतो. शिवाय उन्हे चढून काळ्या रानावरची हवा तापली की दूरचा पक्षी लवलवू लागतो. तिथे लाखाची लेन्सही हात टेकते.

कोणी म्हणेल, लांब पल्ल्याच्या लेन्समुळे पक्ष्यापासून दूर राहता येते. मुद्दा रास्त आहे. 400ने तीस मीटरवरून पक्षी जेवढा दिसतो, तेवढाच 600ने पंचेचाळीस मीटरवरून दिसतो. पण मधले पंधरा मीटर आपण चालून तोडायचे नसतात. गप्प बसून पक्ष्यालाच जवळ येऊ द्यायचे असते.

लातूरकरांना हे वेगळे सांगायला नको. 2016 मध्ये मांजरा धरण आटले आणि मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. अशा साली उरल्यासुरल्या डबक्यावर पाखरे गोळा होतात. एका फोटोसाठी तिथला थवा उठवणे म्हणजे तहानलेल्याच्या हातचा तांब्या काढून घेणे.

तेव्हा पैसे मोजण्याआधी ती लेन्स कुणाकडून तरी मागून घ्या आणि एक अख्खी सकाळ हातात वागवून पाहा. पेलली तर जरूर घ्या. नाही पेलली तर हलकी घ्या आणि वाचलेल्या पैशांत एक बरी दुर्बीण आणा. ती घरातल्या आजीपासून नातवापर्यंत सगळ्यांच्या डोळ्यांना लागेल, आणि पुढच्या रविवारी काठावर तुम्ही एकटे नसाल.