प्रश्नांच्या जोड्या कोणी पास करायच्या?

नैराश्य मोजायच्या प्रश्नावल्या ढीगभर आहेत, पण त्यांचा आपसात मेळ नाही. आयको फ्रीड या मानसशास्त्रज्ञाने २०१७ मध्ये प्रचलित सात प्रश्नावल्या ताडून पाहिल्या. त्यांत मिळून ५२ लक्षणे निघाली आणि त्यांतली ४० टक्के एकेकाच प्रश्नावलीत होती. त्यामुळे दोन पाहण्या एकत्र करायच्या, तर आधी प्रश्नाला प्रश्न लावून बघणे आलेच. हे किचकट काम आता भाषा-मॉडेल करतात. ‘हार्मनी’ नावाचे मोफत साधन प्रत्येक प्रश्नाचे आकड्यांत रूपांतर करते आणि कोणता प्रश्न कोणाच्या किती जवळ, ते सांगते. कारकुनी वाचते, हे चांगलेच.

पण जोडी लागली म्हणून उत्तरे एकाच खात्यात टाकायला माझा विरोध आहे. झोपेचाच प्रश्न घ्या. जागतिक आरोग्य संघटनेच्या वीस प्रश्नांच्या ‘एसआरक्यू’ या प्रश्नावलीत झोप नीट लागत नाही का, एवढेच विचारतात, उत्तर हो किंवा नाही. ‘पीएचक्यू-९’ या दुसऱ्या प्रश्नावलीत झोप न लागणे आणि फार लागणे एकाच प्रश्नात, मागच्या दोन आठवड्यांपुरते, गुण शून्य ते तीन. दिवसभर झोपून राहणारी बाई एकीकडे निरोगी ठरेल, दुसरीकडे गुण मिळवेल. मॉडेलला मात्र हे प्रश्न सख्खे भाऊ वाटू शकतात.

थकव्याचेही तेच. गाळप हंगाम संपून पट्टा पडल्यावर पाथर्डीला परतलेल्या ऊसतोड मजुराला ‘लवकर थकता का?’ विचारले, तर ‘हो’ म्हणणारच. ते मनाचे लक्षण की कोयत्याचे, हे प्रश्नाच्या मजकुरात नसते.

पाथर्डीच्याच जिल्ह्यात हा फरक ओळखणारी माणसे आहेत. जामखेडला रजनीकांत आणि मेबल आरोळे या डॉक्टर दांपत्याने १९७० मध्ये आरोग्य प्रकल्प सुरू केला आणि गावातल्याच बायकांना आरोग्यसेविका म्हणून तयार केले. कोणाच्या घरी काय चालले आहे, हे त्यांना फॉर्म न भरता कळते.

म्हणून दोन अटी हव्यात. दोन्ही प्रश्नावल्या आधी त्याच माणसांना विचारून उत्तरे ताडावीत. आणि मॉडेलने लावलेल्या जोड्या अशा सेविकांपुढे ठेवाव्यात. त्यांनी खोडलेली जोडी बाद. त्यांच्या या कामाचे मानधन संशोधनाच्या अंदाजपत्रकात पहिल्या दिवसापासून धरावे.