चित्राखाली नाव हवंच

२०२१ मध्ये विंडोज ११ आलं आणि फाइलवर राइट-क्लिक केल्यावर दिसणारे कट, कॉपी, रिनेम हे शब्द गेले. उरली बारीक रेघांची चित्रं. रिनेमचा चौकोन, शेअरचाही चौकोन. एकात इंग्रजी ‘ए’, दुसऱ्यात बाण. चाळिशीचा चष्मा लावून दिवसभर फायली हाताळणाऱ्यांनी हे कसं ओळखायचं?

त्याआधी, २०२० मध्ये, गूगलनं जीमेल, ड्राइव्ह, कॅलेंडर, मीट सगळ्यांना आपले तेच ते रंग फासले. रंगावरून चटकन ओळखायची सोयच गेली.

मायक्रोसॉफ्टनं पुढे विंडोज ११च्या २४एच२ आवृत्तीत चित्रांखाली नावं परत आणली. उशिरा का होईना, योग्यच केलं. पण नावं ठेवायची की नाही, हे वापरणाऱ्याला पहिल्याच दिवशी सेटिंग्जमध्ये ठरवता यायला हवं होतं.