वाली नसलेली फाइल ठेवू नका

मुक्तस्रोत प्रकल्पाला कुणी डेबियनसाठी ‘डेबियन’ डिरेक्टरी, कुणी फेडोरासाठी स्पेक फाइल, कुणी आर्चसाठी पीकेजीबिल्ड पाठवतो. लिनक्सच्या त्या त्या वितरणासाठी, म्हणजे डिस्ट्रोसाठी, पॅकेज बांधायच्या या फाइली प्रकल्प आनंदाने सामावून घेतो. पाठवणारा पुढे नोकरी बदलतो, डिस्ट्रो बदलतो. फाइल तिथेच राहते. अशा फाइली काढाव्यात असं म्हटलं की तीन आक्षेप हमखास येतात.

पहिला आक्षेप : ‘पडून राहिली तर ती काय खायला मागते?’ मागते. पॅकेजिंग फाइल डिस्ट्रोच्या नियमांना आणि नावांना बांधलेली असते, आणि ती बदलत राहतात. २०३८ साली ३२ बिटी यंत्रणांवर उद्भवणाऱ्या तारखेच्या अडचणीवर उपाय म्हणून डेबियनने २०२४ मध्ये शेकडो लायब्ररी-पॅकेजांची नावं बदलली. ‘लिबएसएसएल३’चं ‘लिबएसएसएल३टी६४’ झालं. शिवाय पॅकेज बसवताना त्यातल्या स्क्रिप्ट रूटच्या अधिकाराने चालतात. २०१८ मध्ये आर्चच्या वापरकर्त्यांनी चालवलेल्या भांडारातलं ‘अ‍ॅक्रोरीड’ हे बेवारस पॅकेज एकाने दत्तक घेतलं आणि बाहेरून स्क्रिप्ट आणून चालवणारी ओळ त्यात घुसवली. बेवारस वस्तूला वारस मिळतो. तो कोण असेल, हे आपल्या हातात उरत नाही.

दुसरा आक्षेप : ‘डिस्ट्रोच्या मेंटेनरांचं, म्हणजे तिथली पॅकेजं सांभाळणाऱ्यांचं, काम हलकं होतं.’ डेबियनपुरतं तरी हे खरं नाही. तिथल्या आजच्या प्रचलित स्रोत-स्वरूपात मूळ प्रकल्पाची ‘डेबियन’ डिरेक्टरी बाजूला सारली जाते आणि मेंटेनरची स्वतःची तिच्या जागी येते.

तिसरा आक्षेप : ‘देणाऱ्याचा अवमान होतो.’ त्याच्या नावावर मोडकी फाइल वर्षानुवर्षं मिरवणं, हा खरा अवमान. काढलेली फाइल गिटच्या इतिहासात शाबूत असते. सांभाळणारा भेटला की ती परत आणता येते.

म्हणून सरसकट सगळ्याच फाइली हाकलाव्यात, असं मात्र नाही. लिनक्स कर्नलच्या स्रोतातच डेब आणि आरपीएम पॅकेज बांधण्याची सोय आहे. २०२४ मध्ये आर्चच्या पॅकमनचीही भर पडली. कर्नलवर काम करणारेच ती वापरतात, म्हणून ती जिवंत आहे. कर्नलच्या ‘मेंटेनर्स’ फाइलीत विभागवार सांभाळणाऱ्यांची नावं असतात, आणि कुणीच नसेल तर ‘ऑर्फन’ असा स्पष्ट शेरा असतो.

हाच प्रामाणिकपणा प्रत्येक प्रकल्पाने पाळावा. फाइल घेताना तिच्यापुढे सांभाळणाऱ्याचं नाव लिहावं. प्रत्येक बदलानंतर त्या डिस्ट्रोवर पॅकेज आपोआप बांधून पाहावं. बांधणी मोडली तर नाव लिहिलेल्या माणसाला कळवावं, आणि पुढच्या आवृत्तीपर्यंत कुणी दुरुस्त केली नाही तर फाइल काढावी, तसं जाहीरही करावं. ज्या प्रकल्पाला एवढं झेपत नाही, त्याने फाइल नम्रपणे नाकारून देणाऱ्याला त्या डिस्ट्रोच्या मेंटेनरांकडे पाठवावं. त्याच्या श्रमांचं चीज तिथे होईल.