खाजणाचा हिशेब

वर्सोव्याहून भाईंदरला जाणाऱ्या किनारी रस्त्यासाठी ४५ हजारांहून अधिक खारफुटीची झाडे तोडण्यास मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर २०२५ मध्ये अनुमती दिली. भरपाई म्हणून जे वनीकरण व्हावयाचे, त्याचा एक भाग चंद्रपूर जिल्ह्यात आहे. चंद्रपूरला झाडे लागावीत याबद्दल कोणाची तक्रार असण्याचे कारण नाही. पण चंद्रपूरला भरती येत नाही. खर्च एकाच्या वहीत आणि जमा दुसऱ्याच्या, असा हा हिशेब आहे.

खाजण म्हणजे नुसती झाडे नव्हेत. दिवसातून दोनदा येणारे खारे पाणी, त्याने आणलेला गाळ, त्या गाळातून श्वसनमुळे वर काढणारी तिवरे, जरा उंचावर मोरससारख्या खारट वनस्पती आणि या सर्वांच्या आश्रयाने वाढणारी निवटी, चिंबोरी, कोलंबी, अशी ती अखंड व्यवस्था आहे. ती मोडण्यास कुऱ्हाडच लागते असे नाही. रातोरात राडारोडा टाकून नाळीचे तोंड बुजवले की भरतीची ये-जा थांबते, तिवरे उभ्याउभ्या वाळतात, आणि मग जमीन ‘पडीक’ ठरण्यास विलंब लागत नाही. अंधेरीपासून मुलुंडपर्यंतच्या कार्यकर्त्यांना ही रीत नवी नाही.

पण याची उलट बाजूही तितकीच खरी आहे. बुजवलेली वाट मोकळी केली तर तिवरांचे बी भरतीच घेऊन येते. रोपे लावण्याचे समारंभ करावेच लागतात असे नाही. उच्च न्यायालयाने २००५ साली खारफुटी तोडण्यावर बंदी घातली, २०१२ मध्ये वनखात्याचा कांदळवन कक्ष स्थापन झाला, आणि २०१८ च्या निकालाने नष्ट झालेली खारफुटी पूर्ववत करणे हे शासनाचे कर्तव्य ठरवले. ठाणे खाडीच्या काठी तिवरे वाढली आहेत, हे नाकारण्याचे कारण नाही. मात्र त्यातही एक मेख आहे. खाडीत गाळ साचून उघड्या चिखलाच्या जागीही तिवरे पसरतात आणि रोहित पक्ष्यांना तर तो उघडा चिखलच हवा असतो. केवळ झाडे मोजणाऱ्याला खाडीची प्रकृती कळत नाही, ती अशी.

आता प्रश्न मिठागरांचा. कांजूर, भांडुप व मुलुंड येथील आर्थर, जेंकिन्स व जामास्प या मिठागरांची मिळून २५५.९ एकर जमीन धारावी पुनर्विकासात अपात्र ठरणाऱ्यांच्या भाड्याच्या घरांसाठी देण्यास केंद्राने २०२४ मध्ये मंजुरी दिली. येथे समाजवादी कार्यकर्त्याची खरी कसोटी आहे. उपनगरातील नळाच्या पाण्यासाठी मृणाल गोरे यांनी ज्या वस्त्या उभ्या केल्या, त्या वस्त्यांच्या वारसांनी गरिबाच्या घराला विरोध करावा काय? घराला विरोध नाहीच. परंतु पात्र माणूस धारावीत, मोकळी होणारी मोलाची जमीन बाजारात, आणि अपात्र माणूस खाडीकाठच्या सखल भागात, ही वाटणी कोणत्या न्यायाने झाली, हे विचारणे हा घराला विरोध नव्हे. भुईभाड्याचे अर्थशास्त्र जाणणाऱ्याला त्याचे उत्तर अवघड नाही.

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि भरतीने नाल्यांची तोंडे रोखली. अशा वेळी मिठागरांचे उथळ कप्पे पाणी धरून ठेवतात. पावसाळ्यात तेथे मीठ पिकत नाही, पण हे काम बिनपगारी चालू असते. तेथे इमारती उभ्या करावयाच्या तर भराव हवा. भराव घातला की नव्या इमारती उंचावर राहतील आणि पाणी शेजारच्या जुन्या, बुटक्या चाळींत शिरेल. म्हणजे एका गरिबाच्या घराची किंमत दुसऱ्या गरिबाने भरावयाची, आणि दोघांनी एकमेकांकडे संशयाने पाहावयाचे.

भांडुप-मुलुंडच्या शाखांनी प्रथम एवढे तरी करावे: भरावाची पातळी किती, त्या पाण्याची वाट कोणती आणि कोणत्या नाळी बुजणार, याचा नकाशा प्रशासनाकडून लेखी मागून घ्यावा. तो नकाशा घेऊन जसे चाळीतल्या लोकांकडे जावे, तसेच धारावीतही जावे; तेथे कोणाला कोठे पाठवले जाणार, हे ज्यांना पाठवावयाचे त्यांनाच आधी समजले पाहिजे.