‘नवोदित’ म्हणून आणखी किती वर्षं बसवणार?

आपल्या साहित्य मेळाव्यांत एक सत्र ठरलेलं असतं: नवोदितांचं कवीसंमेलन. ते कधी असतं, ते बघा. पत्रिकेवर उद्घाटन सकाळी दहाला छापलेलं असतं, पाहुणे साडेअकराला येतात. मग अभिवादन, स्वागतगीत, प्रास्ताविक आणि सत्कार. सत्कार करणाऱ्यांचाही सत्कार. मग जेवण. नवोदितांचा नंबर लागतो चार-साडेचारला, मंडपवाला मागच्या खुर्च्या गोळा करायला लागतो तेव्हा. ज्येष्ठ मंडळी तोवर गाडीत बसलेली असतात. निवेदक सांगतो, ‘वेळेअभावी एकच कविता, तीही दोन मिनिटांत.’ ढालगावहून, जतहून, आटपाडीहून दोन एसट्या बदलून आलेलं पोर कविता वाचतं, प्रमाणपत्र घेतं आणि शेवटची गाडी गाठायला पळतं.

याला आपण नव्या लेखकाचं स्वागत म्हणतो.

माझा आरोप सरळ आहे. चळवळीला नवे लिहिणारे हवेत, असं आपण भाषणात म्हणतो. प्रत्यक्षात आपल्याला खुर्च्या भरायला माणसं हवी असतात. तसं नसतं, तर तो मुलगा घरी पोचल्यावर दुसऱ्या दिवशी कुणीतरी त्याला विचारलं असतं, ‘वहीत आणखी काय आहे, दाखव बघू.’ कोण विचारतं? मी कवठे महांकाळ तालुक्यात काम करते. गावोगावच्या वस्त्यांत लिहिणारी मुलं मला भेटतात. बेदाणा शेडवर निवडायला जाणाऱ्या मुली आहेत, द्राक्षबागेत विरळणीच्या हंगामात रोजावर जाणारी बारावी झालेली पोरं आहेत. लिहिणाऱ्यांचा तुटवडा नाही. वाचून दाखवावं असं माणूस नाही.

‘नवोदित’ हा शब्दच घ्या. माझ्या ओळखीतला एक कवी पंधरा वर्षं नवोदित आहे. त्याचं लग्न झालं, पोरगी शाळेत जायला लागली, तरी पत्रिकेत तो नवोदितच. ज्येष्ठ, मान्यवर, निमंत्रित, नवोदित अशी ही उतरंड आहे आणि प्रत्येकाला आपल्या खाली कुणीतरी आहे याचं समाधान आहे. श्रेणीबद्ध विषमता म्हणजे काय, ते बाबासाहेबांनी आपल्याला शिकवलं. ती आपल्याच मंचावर मांडलेली दिसू नये, इतके आपण आंधळे नाही.

या उतरंडीतून धंदाही निघाला आहे. ‘प्रातिनिधिक काव्यसंग्रह’ हा प्रकार तुम्हाला माहीत असेल. पानामागे पैसे भरायचे, वर ठराविक प्रती विकत घ्यायच्या, प्रकाशनाला सन्मानचिन्ह मिळणार. रोजावर जाणारं पोर आठवड्याची मजुरी त्यात घालतं. त्या संग्रहाला संपादक असतो, पण त्याने एका ओळीवरही खूण केलेली नसते. पैसे आले की कविता चांगली. अशा संग्रहांना प्रस्तावना लिहिणाऱ्या आपल्या मान्यवरांना मी विचारते, तुम्ही ती पानं वाचली होती का?

दुसरा अडसर परीक्षेचा. पोर पहिल्यांदा वही घेऊन येतं आणि आपण विचारतो, ‘बाबासाहेबांचे किती खंड वाचलेत?’ त्याने प्रेमावर लिहिलं असेल तर ‘ही चळवळीची कविता नाही.’ त्याने ‘न्हाय’, ‘हुतं’, ‘गेलतो’ असं लिहिलं असेल तर ‘शुद्धलेखन बघा जरा.’ म्हणजे एका बाजूला प्रस्थापितांनी आपली भाषा नाकारली म्हणून आपण पन्नास वर्षं ओरडतो आणि दुसऱ्या बाजूला माणदेशी पोराच्या तोंडातली भाषा आपणच झोडपतो. राजा ढाले याच सांगली जिल्ह्यातल्या नांद्र्याचे. १९६९ मध्ये लघुनियतकालिकवाल्यांनी ‘सत्यकथे’ची होळी केली, त्यात ते पुढे होते. ती होळी एका नियतकालिकाच्या दारावरच्या पहारेकऱ्यांविरुद्ध होती. आज त्यांचं नाव घेऊन आपण आपल्या दाराशी पहारेकरी नेमतो, हे त्यांना रुचलं असतं असं मला वाटत नाही.

तिसरा अडसर सगळ्यांना दिसतो, पण बोलत कुणी नाही. मातंग, होलार, चर्मकार, कैकाडी घरातलं पोर आपल्याकडे आलं की पहिला प्रश्न कवितेचा नसतो. ‘दीक्षा घेतलीय का? घरात देव आहेत का?’ हा असतो. इथं थोडं मागं जाऊ. २ मार्च १९५८ रोजी मुंबईत दलित लेखकांचं पहिलं साहित्य संमेलन भरलं. बाबासाहेबांचं महापरिनिर्वाण होऊन सव्वा वर्ष झालं होतं, नागपूरची दीक्षा ताजी होती. जखमही ताजी होती आणि अभिमानही. अशा वेळी उद्घाटनाला उभे राहिले ते अण्णाभाऊ साठे. वाळवा तालुक्यातल्या वाटेगावचे, मातंग समाजात जन्मलेले, विचाराने कम्युनिस्ट, बौद्ध न झालेले, शाळेत फार तर दीड दिवस गेलेले. पुढच्याच वर्षी आलेली ‘फकिरा’ त्यांनी बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केली. आजच्या आपल्या चाळणीतून अण्णाभाऊ पास झाले असते का? एक ऑगस्टला फोटोला हार घालणाऱ्यांनी याचं उत्तर स्वतःशी तरी द्यावं.

मुलींचं वेगळं लिहावं लागेल. मुलगी कविता वाचते, टाळ्या पडतात आणि त्या रात्रीपासून तिच्या फोनवर निरोप सुरू होतात. ‘तुझ्यात स्पार्क आहे’, ‘मार्गदर्शन करेन, एकदा भेट’. पाठवणारा ज्येष्ठ असतो, कधीकधी तिच्या वडिलांच्या वयाचा. तक्रार केली तर ‘चळवळीची बदनामी होईल’ म्हणून तिलाच गप्प बसवलं जातं. अशा तीन मुलींनी मला स्वतः सांगितलं आहे. तिघींनीही लिहिणं थांबवलं नाही, आपल्याकडे येणं थांबवलं. चळवळीची बदनामी त्या मुलीच्या तक्रारीने होत नाही. त्या निरोपाने आधीच झालेली असते.

शेजारच्या सातारा जिल्ह्यातल्या फलटणच्या बेबीताई कांबळे आठवा. किराणा दुकानात बसून त्या लिहीत होत्या आणि लिहिलेले कागद नवऱ्यापासून, घरच्यांपासून लपवत होत्या. वर्ष दोन वर्षं नव्हे, वीस वर्षं. ‘जिणं आमुचं’ १९८२ मध्ये ‘स्त्री’ मासिकातून क्रमशः आलं, पुस्तक झालं १९८६ मध्ये. ते उजेडात यावं म्हणून पाठीशी कोण उभं राहिलं? फलटणमध्ये स्थायिक झालेल्या मॅक्सीन बर्नसन, जन्माने अमेरिकन. माझं त्यांच्याशी काही वाकडं नाही, उलट ऋणच आहे. पण चळवळीचं पाणी प्यालेल्या बाईची वही चळवळीतल्या एकाही माणसाला वीस वर्षं दिसली नाही, ही गोष्ट मला बोचते. आत्ता अशा किती वह्या धान्याच्या डब्यामागं पडून असतील?

मग स्वागत म्हणजे काय? यासाठी बाहेरचं मॉडेल आणायची गरज नाही. विनयपिटक उघडा. संघात नवा माणूस आला की त्याला उपाध्याय मिळतो, आणि तिथं उपाध्यायाची कर्तव्यं लिहून ठेवली आहेत. शिष्याला मुलासारखं बघायचं. त्याला शिकवायचं, त्याच्या प्रश्नांना उत्तरं द्यायची. त्याच्याकडे पात्र नसेल, चीवर नसेल, तर मिळवून द्यायचं. तो आजारी पडला तर तो बरा होईपर्यंत शुश्रूषा करायची. नव्यानेही उपाध्यायाची सेवा करायची आहेच, पण जबाबदारी एकतर्फी नाही. आपल्याकडे मात्र नव्याने पाया पडायचं आणि ज्येष्ठाने आशीर्वाद द्यायचा, एवढ्यावर संपतं. (पाया पडणं हा प्रकार आपल्यात परत कसा शिरला, यावर एक स्वतंत्र लेख लागेल.)

आणि उपाली. शाक्य राजपुत्र प्रव्रज्या घ्यायला निघाले, सोबत त्यांचा न्हावी उपाली होता. राजपुत्रांनीच बुद्धांना विनंती केली की याला आधी संघात घ्या, म्हणजे आम्हाला त्याला वंदन करावं लागेल आणि आमचा शाक्यपणाचा गर्व उतरेल. बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ मध्ये उपालीला मुद्दाम जागा दिली. याचा साधा व्यवहारी अर्थ असा की नवोदितांचं सत्र सकाळी पहिलं ठेवा. प्रमुख पाहुण्यांनी खाली बसून ऐकावं, नंतर बोलावं. पाहुण्यांना तेवढा वेळ नसेल, तर पाहुणे बदला.

यावर आमचे काही कार्यकर्ते म्हणतात, ‘ताई, हे पुण्या-मुंबईत, औरंगाबादला होतं. तिथं पंतावणे सर होते.’ गंगाधर पंतावणे यांनी ‘अस्मितादर्श’ चालवलं, त्यात नव्या लिहित्यांना छापलं, त्यांचे मेळावे भरवले, हे खरंच. त्यामागे १९५० साली बाबासाहेबांनी उभं केलेलं मिलिंद महाविद्यालय होतं, हेही खरं. १९२७ मध्ये ‘बहिष्कृत भारत’ काढला तेव्हा लेखक नसल्यामुळे बाबासाहेबांना रकानेच्या रकाने एकट्याने भरावे लागत होते. ते दुखणं त्यांना ठाऊक होतं. पण कवठे महांकाळला महाविद्यालयातलं साहित्य मंडळ नाही, मासिक नाही, म्हणून हात बांधून बसायचं, हे पटत नाही. आपल्या आटपाडीचे शंकरराव खरात तराळाच्या घरातून निघाले आणि १९८४ मध्ये जळगावला अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. दुष्काळी मुलखातून माणूस निघतो.

शिवाय यालाही विनयात उत्तर आहे. अवंतीमध्ये सोण कुटिकण्ण नावाच्या तरुणाला उपसंपदा हवी होती. दहा भिक्खूंचा संघ लागायचा आणि त्या आडबाजूच्या मुलखात दहा भिक्खू जमवायला तीन वर्षं गेली. पुढे सोणाने आपल्या गुरूंचा, महाकच्चायनांचा निरोप बुद्धांपर्यंत पोचवला आणि बुद्धांनी नियम बदलला. सीमेवरच्या मुलखात पाच पुरेत, त्यात एकजण विनय जाणणारा असला की झालं. तिथली जमीन गुरांच्या खुरांनी खडबडीत झालेली, म्हणून जाड तळाच्या वहाणांनाही परवानगी मिळाली. नियम माणसासाठी वाकला, माणूस नियमासाठी ताटकळत ठेवला गेला नाही.

कवठे महांकाळ हा आपला सीमेवरचा मुलूख समजा. पाच जण पुरेत. त्यातल्या एकाने चार पुस्तकं नीट वाचलेली असावीत, एवढीच अट. जागा विहाराची, बॅनर नाही, अध्यक्ष नाही, फी नाही. पहिल्यांदा आलेला आधी वाचणार. त्याच्या भाषेला हात लावायचा नाही, त्याला काय म्हणायचंय ते विचारायचं. जुन्यांपैकी एकाने त्याची जबाबदारी सहा महिन्यांसाठी घ्यायची: पुस्तक द्यायचं, वही वाचायची, गाडीभाडं कमी पडलं तर तेही बघायचं. मुलींची जबाबदारी बाईनेच घ्यायची आणि कुणाविरुद्ध तक्रार आली तर त्याचं नाव आधी बाजूला, चौकशी नंतर.

‘मग वैचारिक शिस्तीचं काय? उद्या कुणीही येऊन काहीही लिहील’, हा शेवटचा आक्षेप. लिहू दे. विचार आत आल्यावर घडतो. दारात उभं राहून तोंडी परीक्षा दिल्याने घडत नाही. ज्याला शाखेत पहिल्या दिवशी नावानं हाक मारली जाते, खेळायला घेतलं जातं आणि आपल्याकडे पहिल्या दिवशी जात आणि खंड विचारले जातात, ते सतरा वर्षांचं पोर कुठं जाईल? गावात फिरून बघा, ते कुठं गेलंय ते दिसेल. त्यातल्या काहींची वही मी वाचली आहे. चांगलं लिहीत होती.